नेट कुठवर आलं?

अमरावतीहून अकोल्याकडे निघालं आणि बडनेरा मागे पडलं, की रस्त्याच्या कडेला अधूनमधून गुडघ्याएवढे खांब दिसतात. कुठल्यातरी दूरसंचार कंपनीचं नाव आणि इथं खोदू नये अशी सूचना, एवढंच त्यांवर रंगवलेलं असतं. या रस्त्याचं नाव झालं ते दुसऱ्याच कारणानं. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून झाली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. तो पराक्रम खराच. पण मला त्या बुटक्या खांबांचं अप्रूप जास्त. त्यांच्या पायथ्याशी, काळ्या मातीखाली, केसाएवढे काचेचे तंतू गेलेले आहेत. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. अमरावती ते अकोला हे शंभरेक किलोमीटरचं अंतर कापायला त्याला एक मिलिसेकंदही पुरून उरतो. एसटीला त्याच अंतराला दोन-अडीच तास लागतात.

इतकी वेगवान वाट दाराशी आलेली असताना घरात बसलेल्या पोरीच्या लॅपटॉपवर एक पान उघडत नाही, तेव्हा बिघाड नेमका कुठं असतो? हा प्रश्न मला बरीच वर्षं धरून आहे. मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. संगणक हा माझा विषय नाही. पण जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही संगणकप्रणाली टाकून देणं आणि त्याचं नेट चालतं करून देणं, या कामासाठी नात्यातली, ओळखीतली पोरं माझ्याकडे येतात आणि मला ते काम मनापासून आवडतं.

हे लॅपटॉप बहुतेक दुसऱ्याच्या हातचे असतात. विंडोज ७ ला मिळणारा कंपनीचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यानंतर पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून निघालेले कितीतरी लॅपटॉप आमच्याकडच्या बाजारात आले. नवी विंडोज त्यांना पेलत नाही. दोन किंवा चार जीबी रॅममध्ये ती नुसती धापा टाकते. लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती त्यांच्यावर सहज चालते आणि तिला पैसे पडत नाहीत. कापसाचा चुकारा हाती येईल तेव्हा नवा लॅपटॉप घेऊ, असं म्हणणाऱ्या घरात हा जुना लॅपटॉप पोरांची पदवी पार पाडून देतो. अडचण येते ती नेटला. लिनक्सवर नेट अडलं की शेजारचा कोणी मदतीला येत नाही, मोबाइलच्या दुकानातला पोरगा हात वर करतो आणि घरचे म्हणतात, फुकटचं घेतलं की असंच होते.

२०२१ च्या फेब्रुवारीत करोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात उठली ती आमच्या भागात आधी. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झाले, अकोल्यातही निर्बंध आले. माझी भाची तेव्हा अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकत होती. गोरक्षण रोडवर एका घराच्या माडीवर तिची खोली. घरमालकांकडे सगळेच पॉझिटिव्ह, आणि वायफायचा डबा खालच्या मजल्यावर त्यांच्या बैठकीत. तिकडे जायची सोयच नव्हती. दुसऱ्या दिवशी तिचा ऑनलाइन पेपर होता.

"मामा, नेट गेलं. लॅपटॉपच बिघडला वाटते."

"वायफायचं निशान दिसते का?"

"दिसते ना. जोडलेलं आहे म्हनते. पन काहीच उघडून नाही रायलं."

"टर्मिनल उघड, ती काळी खिडकी. आय, पी, मंग जागा सोड, आनि ए. एंटर मार. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्टनं सुरू होनारा आकडा दिसते का?"

दिसत होता. म्हणजे लॅपटॉपचं कार्ड जिवंत होतं आणि खालच्या मजल्यावरच्या डब्यानं त्याला घरातला एक पत्ता दिला होता. आता त्या डब्यालाच हाक मारायची. पिंग, आणि पुढे डब्याचा आकडा.

"उत्तरं येऊन रायली. चार मिलिसेकंद, तीन, पाच. मामा, हे तं थांबूनच नाही रायलं!"

विंडोजवर पिंग चारदा विचारतं आणि गप्प होतं. लिनक्सवर ते तुम्ही पुरे म्हणेपर्यंत विचारत राहतं. "कंट्रोल धर आनि सी दाब," मी म्हटलं. "आता आठ पॉइंट आठ पॉइंट आठ पॉइंट आठ."

हा पत्ता संकेतस्थळांच्या नावांचे आकडे सांगणाऱ्या गूगलच्या सार्वजनिक सेवेचा. डिसेंबर २००९ मध्ये ती सुरू झाली, आणि पाठ व्हायला सोपा आकडा म्हणून जगभर लोक नेट आहे की नाही हे तपासायला तोच वापरतात.

थोडा वेळ पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग, "हेबी येऊन रायलं! मंग नेट गेलं कुठी?"

तिच्या आवाजातली भीती त्या क्षणी गेली आणि तिथं कुतूहल आलं. लॅपटॉप ठीक, घरातला डबा ठीक, अकोल्याबाहेरचं जगही उत्तर देतंय. तरी पान उघडत नाही. मी तिला विकिपीडियाचं नाव घालून पिंग करायला सांगितलं आणि काय येतं ते अक्षरन् अक्षर वाच म्हटलं. तिनं वाचलं, "टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन." बिघाड हाती लागला. आकड्यानं विचारलं तर वाट सापडते, नावानं विचारलं तर सापडत नाही. नावाचा आकडा करून देणारी जी सेवा असते, डीएनएस, तिच्यासाठी लॅपटॉप खालच्या डब्यावर विसंबून होता आणि डब्याचा तेवढा एक भाग गोठला होता. डबा बंद करून चालू केला असता तर तो सुटलाही असता, पण डब्यापर्यंत जाता येत नव्हतं. मग आम्ही लॅपटॉपलाच सांगितलं की नावं डब्याला विचारू नको. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ चं पान, त्यात आपोआप मिळणारं डीएनएस बंद, खाली ८.८.८.८ आणि १.१.१.१ असे दोन आकडे, वायफाय एकदा बंद करून पुन्हा चालू. पान उघडलं. दुसऱ्या दिवशी पेपरही झाला.

मोर्शीला आमच्या आजोळी संत्र्याची बाग होती. शेवटच्या ओळीतल्या झाडाला पाणी पोचलं नाही की आबाजी, म्हणजे आमचे आजोबा, आधी विहिरीवर जात. मोटर चालते का, पाइपात दाब आहे का, फिल्टर तुंबला का, मग व्हॉल्व्ह, मग नळीची एकेक गाठ, असं करत ते झाडापर्यंत चालत येत. शेजारचा शेतकरी उभ्या उभ्या विजेला शिव्या देई. आबाजींना नळीला पडलेलं उंदराचं भोक सापडे. नेट शोधायची रीत तीच. जवळच्याला आधी विचारायचं, त्यानं हो म्हटलं की पुढच्याला. जिथून उत्तर येणं थांबतं, तिथं बिघाड.

ही रीत शक्य झाली ती काही माणसांनी उत्तर देणारी यंत्रणा घडवली म्हणून, आणि ती माणसं मला जवळची वाटतात. त्यांच्यातल्या बहुतेकांचं काम १९८३ सालचं. त्या वर्षी १ मे ला अमरावतीत विद्यापीठ स्थापन झालं. पुढे त्याला संत गाडगेबाबांचं नाव मिळालं. आमच्या भागात ते साल त्या एका गोष्टीसाठी लक्षात राहिलं. पण त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यानं आज आपण वापरतो ती टीसीपी/आयपी भाषा स्वीकारली. सप्टेंबरमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांना मोकळेपणानं वापरता, वाचता, बदलता येईल अशी ग्नू ही संगणकप्रणाली लिहायची घोषणा केली. नोव्हेंबरमध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. आणि डिसेंबरमध्ये मेरीलँडमधल्या लष्करी प्रयोगशाळेत माइक मूस या माणसानं पिंग लिहिलं. त्याच्याकडचं जाळं विचित्र वागत होतं, बिघाड सापडत नव्हता, म्हणून पाणबुडी शोधणारं सोनार जसा ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट बघतं तसं काहीतरी त्याला हवं होतं. त्यानं एका रात्रीत ते लिहून काढलं. मूस २००० साली मोटार अपघातात गेला. अकोल्याच्या माडीवरच्या त्या पोरीला खालचा डबा जिवंत आहे हे सांगितलं ते त्याच्या रात्रभरच्या कामानं.

पिंगच्या पाठोपाठ काही वर्षांतच व्हॅन जेकबसन यांनी ट्रेसरूट लिहिलं. त्यातली युक्ती मला अजूनही थक्क करते. जाळ्यावरच्या प्रत्येक निरोपासोबत एक आकडा असतो. वाटेतलं प्रत्येक यंत्र तो एकानं कमी करतं, आणि शून्य झाला की तो निरोप तिथंच टाकून देऊन 'इथं संपला' असं पाठवणाऱ्याला कळवतं. निरोप जाळ्यात कायमचा भटकत राहू नये म्हणून केलेली ही तजवीज. जेकबसन यांनी मुद्दाम त्या जागी एक हा आकडा घालून निरोप पाठवला, मग दोन घालून, मग तीन घालून. दरवेळी पुढचं एकेक यंत्र स्वतःहून आपला पत्ता सांगत गेलं. अमरावतीतून हे चालवून बघावं. घरातला डबा, मग कंपनीचं स्थानिक यंत्र, मग पुष्कळदा थेट मुंबई. दोन शहरांत दोन वेगळ्या कंपन्या असतील तर अकोल्याला निघालेला निरोप बहुधा मुंबई बघूनच अकोल्यात शिरतो, कारण कंपन्यांची देवाणघेवाण तिथं होते. मूर्तिजापूरवरून सरळ जाणारी काच जमिनीत असते, पण निरोपाला ती वाट मिळत नाही. वऱ्हाडातला कापूस इंग्रजांच्या काळापासून याच दिशेनं मुंबईला जात आला, आणि आमचे निरोपही तिकडेच आधी जातात, हे ट्रेसरूटच्या ओळींत वाचताना मी प्रत्येक वेळी थांबतो.

सगळेच बिघाड इतक्या सरळ वाटेवर नसतात. काही तर पहिल्या पावलाच्याही आधी असतात. दर्यापूरकडचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला होता; वायफायचं नावच दिसत नव्हतं. दुकानदारानं त्याला नवं कार्ड घ्यायला सांगितलं होतं. लिनक्सवर 'आरएफकिल लिस्ट' असं विचारलं की रेडिओ कोणी रोखला आहे ते कळतं: प्रणालीनं रोखला की प्रत्यक्ष बटणानं. उत्तर आलं, बटणानं. लॅपटॉपच्या पुढच्या कडेला एक बारीकसं सरकतं बटण होतं, दप्तरात घासून ते बंद झालं होतं. नव्या कार्डाचे पैसे त्या पोराचे वाचले.

खरी कसोटी लागते ती कार्ड दिसतं पण बोलत नाही तेव्हा. वायफायच्या कार्डाला चालायला स्वतःचं एक छोटं सॉफ्टवेअर लागतं, फर्मवेअर. ते कंपनीच्या मालकीचं असतं. पुष्कळ वर्षं लिनक्सच्या काही आवृत्त्या ते सोबत देत नसत, कारण जे उघडून वाचता येत नाही ते आम्ही देणार नाही अशी त्यांची भूमिका. ती भूमिका मला आदराची वाटते. पण तिचा परिणाम असा, की वायफाय चालण्यासाठी फर्मवेअर हवं, फर्मवेअर उतरवायला नेट हवं, आणि नेट हवं तर वायफाय. या फेऱ्यात कितीतरी पोरांनी लिनक्स सोडून दिलं असेल. यांपैकी डेबियन नावाच्या लिनक्सच्या लोकांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन हे बदललं आणि १० जून २०२३ ला आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर अधिकृत प्रतीतच मिळू लागलं. माझ्या मते हा निर्णय योग्य झाला. ज्याच्याजवळ एकच जुना लॅपटॉप आहे त्याला आधी जाळ्यापर्यंत पोचू द्यावं, तत्त्वाची चर्चा तो नंतर जाळ्यावर वाचेल.

त्याआधी वाट काढली ती फोननं. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्याच वायरनं लॅपटॉपला जोडायचा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लिनक्सला तो फोन वायरीच्या नेटसारखा दिसतो, त्याला वेगळं काही लागत नाही. पाच-दहा मिनिटांत हवं ते उतरवून घ्यायचं आणि वायफाय सुरू करायचं. ही एक गोष्ट प्रत्येक लिनक्सवाल्या पोराला ठाऊक असलीच पाहिजे.

आणि या कार्डांच्या मागे एक मोठी कहाणी आहे. ब्रॉडकॉम कंपनीची वायफाय कार्डं एकेकाळी लॅपटॉपांत सर्रास असत आणि कंपनी लिनक्सला त्यांची काहीच माहिती देत नसे. मग काही माणसांनी ठरवलं की कार्डालाच विचारायचं. एका गटानं कंपनीच्या सॉफ्टवेअरची यंत्रभाषा उकलत उकलत कार्ड कसं वागतं याचं साध्या शब्दांत वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटानं मूळ सॉफ्टवेअर नजरेआडच ठेवलं आणि फक्त त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, लिहिला, म्हणजे नक्कल केली असं कोणाला म्हणता येऊ नये. २००६ मध्ये तो ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आला. कंपनीनं आपल्या नव्या कार्डांचा ड्रायव्हर स्वतःहून खुला केला तो सप्टेंबर २०१० मध्ये. मधली वर्षं त्या माणसांच्या कष्टावर चालली. कुठल्यातरी खेड्यातल्या, कधीही न भेटणाऱ्या पोराचा लॅपटॉप चालावा म्हणून कोणीतरी रात्री जागून एका चिपेच्या सवयी टिपून ठेवतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आमच्या उन्हाळ्यालाही इथं जागा द्यायला हवी. एप्रिल लागला की अकोला-अमरावतीत घरोघरी खिडकीला पत्र्याचा कूलर बसतो. अकोल्याचा पारा पंचेचाळिशीवर जातो तेव्हा त्यावाचून दुपार निघत नाही. दर उन्हाळ्यात माझ्याकडे एकच तक्रार येते: हिवाळ्यात नेट छान चालत होतं, आता मधल्या खोलीत तुटते. ड्रायव्हर बदलून झालेला असतो, लिनक्सलाही नावं ठेवून झालेली असतात. कारण खिडकीत उभं असतं. वायफायचा डबा बाहेरच्या पडवीत, लॅपटॉप आत, आणि मधे लोखंडी पत्र्याची, पाण्यानं भरलेली, ओल्या खसची पेटी. लोखंड लहरी परतवतं आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं. टर्मिनलमध्ये 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय' असं विचारलं की प्रत्येक वायफायच्या नावापुढे जोर किती ते शंभरापैकी आकड्यात दिसतं. लॅपटॉप हातात धरून कूलरच्या अलीकडे आणि पलीकडे तो आकडा बघावा. दुसरं काही सांगावं लागत नाही. डबा दाराच्या चौकटीवर सरकवला की प्रश्न मिटतो.

एक बिघाड मात्र असा, की वाटेवरचे सगळे हो म्हणतात आणि तरी पान उघडत नाही. डबा उत्तर देतो, ८.८.८.८ देतं, नावाचा आकडाही होतो. ब्राउजर मात्र म्हणतो ही जागा सुरक्षित नाही. वापरलेल्या लॅपटॉपांत हे फार आढळतं. आतली बटणाएवढी बॅटरी संपलेली असते, त्यामुळे वीज गेली की घड्याळ बारा-पंधरा वर्षं मागे जाऊन बसतं. वेळ आपोआप जुळवायची सोय बंद असेल तर लॅपटॉप तसाच जुन्या तारखेत राहतो. प्रत्येक संकेतस्थळाचं ओळखपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत खरं असतं; २००९ सालात उभ्या असलेल्या लॅपटॉपला आजचं ओळखपत्र अजून जन्मलेलंच नसतं. 'डेट' एवढा चार इंग्रजी अक्षरांचा शब्द टाइप केला की उलगडा होतो. बॅटरी कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते.

आणि कधी बिघाड कुठंच नसतो. १२ आणि १३ नोव्हेंबर २०२१ ला अमरावतीत दंगल उसळली, संचारबंदी लागली आणि शहरातलं इंटरनेट बंद करण्यात आलं. माझ्या लॅपटॉपला फोन उत्तर देत होता, फोनच्या पुढे काही नव्हतं. गल्लीतली पोरं त्या दिवसांत फोन बंद-चालू करत राहिली, सिमकार्ड काढून पुसून घालत राहिली. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली तेव्हा तिथंही तेच. दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याचे नियम २०१७ मध्ये आले आणि असे आदेश लोकांसाठी प्रसिद्ध केले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं. त्यामागची तळमळ मला त्या दिवसांत समजली. ज्याला आदेशच ठाऊक नाही तो माणूस आपल्याच यंत्राला दोष देत बसतो, ते उघडतो, पैसे खर्च करतो. शांततेसाठी नेट बंद करणं योग्य की अयोग्य हा वाद मोठा आहे. पण बंद केलं आहे हे वेळेवर आणि स्पष्ट सांगणं यात वादाला जागा नाही.

परतवाड्याच्या पुढे, सेमाडोह ओलांडून धारणीकडे जाताना हरिसाल लागतं. मेळघाटातलं हे गाव २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साथीनं देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून जाहीर झालं. टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून तिथं नेट नेण्याचा प्रयोग होता, आणि जंगलाच्या मुलखात अशा लहरी खरोखर लांब जातात. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी याच गावाची अवस्था पडद्यावर दाखवली आणि हरिसाल महाराष्ट्रभर चर्चेत आलं. दावा खरा की त्यावरचा आक्षेप, हे सभेतून ठरत नसतं. ते गावात उभं राहून, एकेका टप्प्याला हाक मारून ठरवता येतं: दवाखान्यातला डबा जिवंत आहे का, मनोऱ्याला वीज आहे का, मनोऱ्याच्या पुढची काच शाबूत आहे का. मेळघाटातल्या पोराला हे विचारता यायला हवं आणि आलेलं उत्तर लिहून देता यायला हवं. 'नेट नाही' अशा अर्जाला कचेरीत उत्तर मिळत नाही. अमुक टप्प्यापर्यंत आहे आणि तिथून पुढे नाही, असा अर्ज टाळणं अवघड जातं.

म्हणून मला वाटतं, आमच्या शाळा-महाविद्यालयांत संगणकाच्या तासाला पोरांना ठरावीक चौकटीत बटणं दाबायला शिकवण्याआधी भाचीला विचारले ते चार प्रश्न शिकवावेत: लॅपटॉपला पत्ता मिळाला का, डबा उत्तर देतो का, बाहेरचा आकडा उत्तर देतो का, नावाचा आकडा होतो का. त्यासाठी नवं काही लागत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पानं लिनक्सचे धडे मराठीतून करून ठेवले आहेत, ते उतरवून घेऊन नेट नसतानाही दाखवता येतात. प्रयोगशाळेत धूळ खात पडलेले जुने संगणक आहेतच. भाचीनं तिच्या वर्गातल्या पोरींना तो क्रम वऱ्हाडीत लिहून दिला होता, आणि तो पुढे कुठं कुठं गेला ते तिलाही माहीत नाही.

वाचकहो, तुमच्या घरी असा एखादा लॅपटॉप असेल तर एक काम आजच करा, नेट चालू आहे तोवर. त्यातलं वायफाय कार्ड कोणत्या जातीचं आहे ते 'एलएसपीसीआय' विचारून बघा, घरातल्या डब्याचा आकडा बघा, आणि दोन्ही वहीच्या शेवटच्या पानावर पेनानं लिहून ठेवा. नेट गेल्यावर या दोन गोष्टी कशा बघायच्या हे शोधायलाही नेटच लागतं.